जतमधल्या कन्नड-मराठी विद्यार्थ्यांवर प्रबंधिका: 'सांस्कृतिक ओळख' मोजायची कशी?

विश्रामबाग_एमए_दोन

एम.ए. मानसशास्त्र, भाग दोन. प्रबंधिकेचा विषय मंजूर झाला आहे: 'जत तालुक्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची सांस्कृतिक ओळख आणि मानसिक स्वास्थ्य यांतील सहसंबंध'. (जत म्हणजे सांगली जिल्ह्यातला, कर्नाटक सीमेलगतचा तालुका.) दोन गट घ्यायचे आहेत, घरी कन्नड बोलणारे आणि घरी मराठी बोलणारे. शिक्षण सगळ्यांचं मराठी माध्यमात. हातात चार महिने आहेत.

सध्याचा बेत असा. ओळखीसाठी फिनीची एमईआयएम-आर (आपल्या गटाशी असलेली ओळख मोजणारी प्रश्नावली), स्वास्थ्यासाठी पीएचक्यू-९ (नैराश्याची प्रश्नावली) आणि शिवाय रिफ यांची मानसिक स्वास्थ्याची ४२ विधानांची श्रेणी. तिन्हींचं मराठी भाषांतर मी स्वतः करणार, गुगल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून १०० जणांकडून भरून घेणार. कनिष्ठ महाविद्यालय त्याच आवारात आहे, त्यामुळे अकरावी-बारावीची मुलंही मिळतील.

यात कुठे चुकतंय? नमुना १०० पुरेल का? आणि एमईआयएम-आरच्या विधानांतल्या 'एथनिक ग्रुप'ला मराठीत काय म्हणायचं? 'वांशिक गट' लिहिलं तर मुलं गोंधळतात, 'समाज' लिहिलं तर लगेच समजतं. म्हणून 'समाज' ठेवायचा विचार आहे.

कृष्णाकाठ

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. 'समाज' लगेच समजतो, पण काय म्हणून समजतो ते बघा. आपल्याकडे "आमच्या समाजात असं चालत नाही" म्हणणारा माणूस जातीबद्दल बोलत असतो. 'समाजाची बैठक', 'समाजाचा वधू-वर मेळावा', 'समाज मंदिर' हे शब्द रोज कानावर पडतात. म्हणजे तुमच्या सहाच्या सहा विधानांना मुलं जातीच्या अंगाने उत्तरं देणार आणि तुम्ही निष्कर्षात लिहिणार 'सांस्कृतिक ओळख'. तुमचे गट तर भाषेवर पाडलेले आहेत. घरी कन्नड बोलणारा लिंगायत मुलगा आणि घरी मराठी बोलणारा लिंगायत मुलगा 'समाज' वाचून एकाच गटाचा विचार करतील, मग फरक दिसणार कुठून?

'संस्कृती' शब्दाची अडचण वेगळीच. तो वाचला की मुलं सण, हळदीकुंकू, थोरामोठ्यांच्या पाया पडणं यांवर येतात, आणि 'आपल्या संस्कृतीचा अभिमान आहे का' या धाटणीच्या विधानाला ५ सोडून दुसरं काही द्यायला कोणी धजत नाही. सगळ्यांचे गुण ४.५ च्या वर गेले की आकड्यांत चढउतारच उरत नाही. चढउतार नसेल तर सहसंबंध खरा असूनही शून्याच्या आसपास दिसतो.

यावर उपाय मूळ श्रेणीच्या घडणीतच आहे. एमईआयएमच्या सुरुवातीला एक मोकळी जागा असते, त्यात उत्तर देणारा स्वतःला काय म्हणवतो ते स्वतःच लिहितो. तुम्हीही 'मी स्वतःला मुख्यतः ______ समाजातला/भाषेचा/भागातला मानतो किंवा मानते' असले पर्याय सुचवू नका. 'तुम्ही कोण, असं परगावच्या माणसाने विचारलं तर काय सांगाल?' एवढंच विचारा आणि रेघ मोकळी सोडा. त्यानंतर संदर्भगट बांधून द्या: 'पुढच्या सहा विधानांत माझा गट म्हणजे माझ्या घरची भाषा बोलणारी माणसं.' हे वाक्य प्रत्येकाला सारखंच दिसलं पाहिजे. मात्र एवढं केल्यावर ती एमईआयएम-आर जशीच्या तशी राहत नाही. प्रबंधिकेत 'भाषिक ओळखीसाठी रूपांतरित' असं लिहा आणि जमलं तर शीर्षकातही 'सांस्कृतिक'च्या जागी 'भाषिक ओळख' करून घ्या. मार्गदर्शक सहसा हरकत घेत नाहीत, कारण विषय अरुंद झाला की तोंडी परीक्षेत बचाव सोपा जातो.

श्रेणीबद्दल: २००७ च्या या आवृत्तीत सहा विधानं आहेत. १, ४, ५ शोध घेण्याची आणि २, ३, ६ बांधिलकीची. दोन्हींची सरासरी वेगवेगळी काढा. तुमच्या वयोगटात 'शोध' कमी आणि 'बांधिलकी' जास्त असणं शक्य आहे, आणि स्वास्थ्याशी दोन्हींचं नातं सारखंच असेल असं नाही. एकच बेरीज केली की ही गोष्ट हातची जाते.

आता पीएचक्यू-९. ती काढाच. नववं विधान मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, हे विचारतं. निनावी गुगल फॉर्मवर रात्री ११ वाजता कोणी तिथे 'जवळजवळ रोज' अशी खूण केली तर तुम्ही काय करणार? नाव नाही, नंबर नाही. जे कळल्यावर तुम्हाला काहीच करता येणार नाही, ते विचारू नये. आठच विधानं ठेवून नववं गाळलेली पीएचक्यू-८ मिळते, पण तुमचा विषय नैराश्य नाही, स्वास्थ्य आहे. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची डब्ल्यूएचओ-५ पुरे: गेल्या दोन आठवड्यांबद्दलची पाच विधानं, प्रत्येकी ० ते ५, एकूण २५, त्याला ४ ने गुणून १०० पैकी. ५० किंवा त्याखाली आलं तर स्वास्थ्य कमी, पुढे विचारपूस हवी, एवढाच त्याचा अर्थ, निदान नव्हे. त्याचं प्रसिद्ध झालेलं मराठी रूप हाती आलं तर शब्द न शब्द तसंच वापरा, सुधारत बसू नका.

रिफ यांच्या ४२ विधानांबद्दल माझं मत जरा कडक आहे. सहा घटक, प्रत्येकी सात विधानं, त्यातली बरीच उलट्या गुणांची. उलटी विधानं मराठीत आली की 'मला असं वाटत नाही की मी... नाही' अशी दुहेरी नकाराची गाठ पडते. निम्मी मुलं 'असहमत'चा अर्थ उलटा घेतात आणि अल्फा (श्रेणीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) ०.५० च्या खाली घसरला की दोष मुलांना दिला जातो. शिवाय 'स्वायत्तता' या घटकात दुसऱ्यांच्या मताला न जुमानणाऱ्याला जास्त गुण. एकत्र कुटुंबातली, वडील-चुलत्यांना विचारून शाखा निवडणारी मुलगी इथे कमी गुण घेते, म्हणजे तिचं मन आजारी आहे असं नाही. चार महिन्यांत हा गुंता सुटणार नाही.

आकडेमोड

१०० पुरणार नाहीत. ०.३० इतका सहसंबंध ०.०५ पातळीवर, ८० टक्के शक्यतेने पकडायला ८४ जण लागतात, आणि तेही एका गटात. तुम्हाला दोन्ही गटांत स्वतंत्रपणे बघायचा आहे (बघितलाच पाहिजे, कारण सांगतो), म्हणजे प्रत्येकी ८५, एकूण १७०. साधारण १५ टक्के फॉर्म बाद होतात असं धरा, म्हणजे २०० गोळा करा. दोन गटांची नुसती सरासरी तुलना असती तर मध्यम फरकासाठी प्रत्येकी ६४ वर भागलं असतं.

स्वतंत्र का? समजा कन्नडभाषक गटाची ओळख जास्त आणि स्वास्थ्य कमी निघालं, पण गटाच्या आत दोन्हींचा काही संबंध नाही. सगळ्यांना एकत्र ओतलं की झकास ऋण सहसंबंध दिसतो, जो प्रत्यक्षात कुठल्याच गटात नाही. म्हणून आधी गटवार, मग एकत्र.

मात्र 'दोन गटांच्या सहसंबंधांत फरक आहे का' हा प्रश्न परिकल्पनेत घालू नका. एका गटात ०.३० आणि दुसऱ्यात ०.१० असा फरक पकडायलाच प्रत्येक गटात सुमारे ३६० जण लागतात. एका गटात सहसंबंध 'सार्थ' (निव्वळ योगायोगाचा नसावा असा) आणि दुसऱ्यात 'सार्थ नाही' आलं म्हणजे फरक सिद्ध झाला, असं लिहिलेल्या प्रबंधिका ढिगाने सापडतील. ते चूक आहे.

गुगल फॉर्मचे खड्डे आधीच माहीत असलेले बरे. 'लिनिअर स्केल' घेतलं तर फक्त दोन टोकांना शब्द लिहिता येतात, मधलं काय ते मुलं अंदाजाने ठरवतात. शिवाय सहा पर्याय १ पासून सुरू केलेत तर डब्ल्यूएचओ-५ ची बेरीज ०–२५ ऐवजी ५–३० होते आणि ४ ने गुणल्यावर प्रत्येकाचे २० गुण फुकट वाढतात. 'ग्रिड' घेतलं तर मोबाईलवर उजवीकडचे रकाने पडद्याबाहेर जातात, बोटाने सरकवल्याशिवाय दिसत नाहीत. मग उत्तरं डावीकडे झुकतात. प्रत्येक विधान वेगळा प्रश्न करा, पर्याय उभे, सगळे शब्दांत.

डीटीपीवाल्याकडून श्री-लिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप करून आणलेला मजकूर फॉर्ममध्ये चिकटवला की कचरा दिसतो. युनिकोडमध्येच टाइप करा.

वय टाइप करायला लावू नका. कोणी '२१' लिहील, कोणी 'एकवीस', कोणी जन्मतारीख. देवनागरी अंक शीटमध्ये अक्षर म्हणून येतात आणि पुढे जेएएसपी या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये वयाची सरासरीच निघत नाही. ड्रॉपडाउन द्या, १८ पासून.

उत्तरांचे आकडे करताना एक चूक इतकी ठरलेली आहे की सविस्तर सांगतो. शीटमध्ये शोधा-बदला उघडून 'सहमत' च्या जागी 4 टाकलं की 'असहमत' चं 'अ4' होतं आणि 'पूर्ण सहमत' चं 'पूर्ण 4'. 'संपूर्ण सेल जुळवा' ही खूण केलीत तर हे टळतं. त्याहून सुरक्षित म्हणजे बाजूला दोन रकान्यांचा तक्ता (शब्द आणि त्याचा आकडा) करून त्यातून आकडा शोधून देणारं व्हीलुकअप सूत्र लावणं. मूळ शीटची प्रत अलग ठेवा, तिला हात लावू नका.

बाद कोणते फॉर्म करायचे हे डेटा उघडण्याआधी लिहून ठेवा: लक्ष आहे का ते बघायला मधे पेरलेल्या 'या विधानाला "काही वेळ" हे उत्तर निवडा' या प्रश्नाला चुकलेले, वय किंवा भाषा न लिहिलेले, आणि लागोपाठ सगळीकडे एकच पर्याय मारलेले. शेवटचा नियम जपून वापरा. सहा विधानं एकाच दिशेची असताना सगळीकडे ४ देणारा मुलगा खरंही बोलत असू शकतो.

अल्फाबद्दल: तीन विधानांचा उपघटक असेल तर ०.६० आला तरी घाबरू नका. विधानं कमी की अल्फा कमीच येतो. त्याच्या शेजारी विधानांमधल्या सहसंबंधांची सरासरी द्या; ती ०.१५ ते ०.५० मध्ये असेल तर चालतं. अल्फा वाढावा म्हणून सहातली दोन विधानं उडवणं मात्र नको, मग उपघटकच राहत नाहीत.

माणदेशी

वरच्या दोघांशी बहुतेक सहमत, पण 'घरी कन्नड' आणि 'घरी मराठी' ही विभागणी जतला इतकी सरळ नाही. आजी कन्नड, आई दोन्ही, वडील बाजारात मराठी आणि शेतात कन्नड, भावंडं मोबाईलवर हिंदी. तांड्यावरच्या मुलांच्या घरी लमाणी, काहींच्या घरी दख्खनी उर्दू. एका चौकोनात खूण करायला लावलीत तर मुलगा शाळेच्या दाखल्यावर जे आहे ते लिहील. सहा छोटे प्रश्न घाला: आजी-आजोबांशी, आईशी, भावंडांशी, गावातल्या मित्रांशी, आठवडी बाजारात, आणि मनातल्या मनात पैसे मोजताना कुठली भाषा? प्रत्येकाला 'फक्त कन्नड' ते 'फक्त मराठी' असे पाच पर्याय, शिवाय 'दुसरी भाषा'. बेरजेवर गट पाडा, मधले वेगळे ठेवा. खरं तर ते मधलेच सगळ्यात रंजक निघतील; एकाला दोन्हीकडचं आपलं वाटतं, दुसऱ्याला दोन्हीकडे परकं. दोन संस्कृतींमध्ये जगणारी माणसं कशी जुळवून घेतात याची जॉन बेरी यांची चौकट आहे, तीत यांना एकात्मता आणि परिघावर पडणं अशी दोन वेगळी घरं आहेत. मात्र ती चौकट मुख्यतः स्थलांतर केलेल्यांसाठी वापरली जाते. जतचा मुलगा कुठे गेलेला नाही, भाषा त्याच्या अंगणातून जाते. तेव्हा शब्द उसने घ्या, पण चौकट जशीच्या तशी बसवू नका.

'कुठल्या राज्यात असावं असं वाटतं' किंवा त्या अंगाचा कुठलाही प्रश्न नको. २०२२ च्या शेवटी सीमावाद पेटला तेव्हा जतच्या गावांची नावं रोज बातम्यांत होती आणि पाण्याचं दुखणं त्यातच मिसळलेलं होतं. असा एक प्रश्न फॉर्ममध्ये दिसला की स्क्रीनशॉट फिरतो. परवानगी देणारे प्राचार्य अडचणीत येतात आणि पुढच्या विद्यार्थ्याला दार बंद होतं.

प्रश्नांचा क्रम: डब्ल्यूएचओ-५ सगळ्यात आधी, मग ओळखीची सहा, मग भाषा, शेवटी वय, लिंग, वर्ग. आधी 'तुमची मातृभाषा कोणती' विचारून मग 'तुम्हाला आनंदी वाटलं का' विचारलं तर दुसऱ्या उत्तरावर पहिल्याची सावली पडते.

वेळही सांभाळा. डब्ल्यूएचओ-५ मागच्या १४ दिवसांबद्दल विचारतं. निम्मे फॉर्म सत्र परीक्षेच्या तोंडावर आणि निम्मे सुट्टीनंतर भरले तर तुम्ही ओळख नाही, वेळापत्रक मोजलंत. कार्तिक अमावास्येला गुड्डापूरला दानम्मादेवीची यात्रा, मार्गशीर्षात जतला यल्लमादेवीची. त्या दिवसांत वर्ग ओस असतात. सगळा डेटा एकाच दहा-बारा दिवसांत घ्या.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका हो. एका मुलीने भरला की तिच्या आठ मैत्रिणी भरतात, सगळ्या एकाच गल्लीतल्या. वर्गात जाऊन, विभागाच्या पत्रावर प्राचार्यांची लेखी परवानगी घेऊन, तासाच्या शेवटच्या वीस मिनिटांत छापील फॉर्म द्या. शिक्षकांना नम्रपणे बाहेर थांबायला सांगा. सर समोर उभे असले की सगळ्यांना सगळं छान वाटतं. दुमडून पेटीत टाकायला लावा.

अकरावी-बारावी सोडून द्या. १८ खालच्यांसाठी पालकांची लेखी संमती आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही लागतात. पदवीच्या पहिल्या वर्षातही १७ चे असतात, म्हणून दुसऱ्या वर्षापासून पुढचे घ्या. संमतीपत्रात 'फॉर्म पेटीत टाकल्यावर तो परत शोधून काढता येणार नाही, कारण त्यावर नाव नाही' हे स्पष्ट लिहा. शेवटच्या पानावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोठ्या टायपात छापा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो. ते पान फाडून घरी नेता येईल असं ठेवा.

विश्रामबाग_एमए_दोन

पीएचक्यू आणि रिफ काढले. डब्ल्यूएचओ-५ चं मराठी रूप मिळवायचा प्रयत्न चालू आहे. तोवर आपल्याकडचं तयार असावं म्हणून कच्चं केलं आहे. काही वाक्यं अशी:

अ) मी माझ्या गटाशी दृढपणे संलग्न असल्याची भावना बाळगतो.
आ) सकाळी मी ताजातवाना आणि विश्रांत होऊन उठलो.
इ) माझे दैनंदिन जीवन मला रुची असलेल्या गोष्टींनी भरलेले होते.

कृष्णाकाठ

तिन्हींत इंग्रजी खालून डोकावतंय.

आ) मध्ये आणखी एक घोटाळा: 'उठलो' म्हटलं की मुलींचा फॉर्म वेगळा छापावा लागेल. मराठीत 'मी' घेतला की क्रियापद लिंग विचारतं, म्हणून शक्य तिथे 'मला' वर न्या. 'झोपून उठल्यावर मला ताजंतवानं आणि विश्रांती मिळाल्यासारखं वाटलं.' 'सकाळी' शब्द काढला ते मुद्दाम. रात्री पाणी पाळीवर शेतात जाणारी मुलं सकाळी झोपतात.

इ) 'रोजच्या दिवसात माझं मन रमेल अशा गोष्टी होत्या.' 'रुची' हा पाठ्यपुस्तकातला शब्द आहे. मन रमणं, मन न लागणं हे मुलं खरंच बोलतात.

अ) कुठल्या विधानाचं भाषांतर आहे ते मला ओळखता आलं नाही, आणि मुद्दा तोच आहे. दुसरं विधान आपण त्यातले आहोत या जाणिवेचं, सहावं जिव्हाळ्याचं. तुमच्या वाक्यात दोन्ही एकत्र झाले आहेत. दुसरं: 'मी या गटाचाच एक भाग आहे असं मला मनापासून वाटतं' ('गटाचाच' हा 'भाग' शब्दाला लागतो, म्हणून मुलींनाही चालतो). सहावं: 'या गटाविषयी मला खूप जिव्हाळा वाटतो.'

एकट्याने भाषांतर करायचं नाही. दोघांनी स्वतंत्र करायचं, एक मानसशास्त्राचा आणि एक नसलेला. दोन्ही समोर ठेवून एक ठरवायचं. मग मूळ इंग्रजी न पाहिलेल्या तिसऱ्याकडून ते परत इंग्रजीत करून घ्यायचं. ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडलेली ही उलट भाषांतराची पद्धत अजून चालते. पण उलट भाषांतर जुळलं म्हणजे झालं असं नाही. 'वांशिक गट' उलट फिरवला की सुंदर 'एथनिक ग्रुप' होतो आणि तरी मुलाला कळत नाही. म्हणून त्यानंतर सहा ते आठ मुलांना एकेकटं बसवून प्रत्येक विधान 'तुमच्या शब्दांत सांगा' म्हणायचं, त्यातली निम्मी कन्नड घरातली. दोघे अडखळले की वाक्य बदलायचं. मग ३० जणांवर चाचणी. याला तीन आठवडे धरा.

कोरेगावकर

थोडं बाजूचं विचारतो. साताऱ्यात वसतिगृहातल्या मुलांवर असंच करायचं आहे. पाटण-जावळीची मुलं, वडील मुंबईत माथाडी. तिथे भाषा एकच. मग संदर्भगट काय धरायचा?

माणदेशी

भाषा धरू नका. मोकळ्या रेघेवर पहिल्या २०–२५ जणांकडून लिहून घ्या आणि बघा 'गाव' किती वेळा येतं, 'समाज' किती, 'मुंबईकर' किती. ज्यावर ती स्वतः उभी आहेत तो गट धरा. 'गाव' आलं तर कुठलं गाव तेही विचारा. वडील ज्या चाळीत राहतात तिथेही अर्धं गावच असतं.

विश्रामबाग_एमए_दोन

कन्नडमध्येही फॉर्म द्यावा का? काही जण म्हणतात तेच न्याय्य.

आकडेमोड

देऊ नका. कन्नड गटाने कन्नड फॉर्म भरला आणि मराठी गटाने मराठी, तर जो फरक दिसेल तो गटांचा की भाषांतरांचा, हे २०० जणांच्या नमुन्यावर सोडवता येणार नाही. शिवाय ज्या भाषेत विचारता ती ओळख पुढे येते. सगळे मराठी माध्यमात शिकतात, फॉर्म मराठीतच ठेवा आणि मर्यादांच्या प्रकरणात एक ओळ लिहा. वर्गात वाटताना मात्र एखाद्याने शब्दाचा अर्थ कन्नडमध्ये विचारला तर शेजाऱ्याला सांगू देऊ नका. अडलेल्या शब्दावर गोल करायला सांगा आणि उत्तर कोरं सोडू द्या. गोल किती आले आणि कुठल्या शब्दावर, ते मोजून परिशिष्टात टाका.